कारखान्यातला प्रश्न सत्रात बसवताना: गोव्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी आणि उद्योगांसाठी मार्गदर्शक

उद्योग आणि महाविद्यालय यांच्या भागीदारीत सर्वांत दुर्मीळ असतो तो कंपनीतल्या एका जाणत्या अभियंत्याचा वेळ. यंत्रे देणगीत मिळतात, सभागृह रिकामे असते, सामंजस्य करारावर सह्या करायला दोन्हीकडचे वरिष्ठ हौसेने येतात. पण आठवड्याला दोन तास, सोळा आठवडे, म्हणजे एका गटामागे बत्तीस तास देणारा माणूस मिळाला नाही तर तो करार कपाटातच राहतो. पुढची सगळी आखणी या बत्तीस तासांभोवती केली आहे: एक कंपनी, एक प्रश्न, चार विद्यार्थ्यांचा एक गट, एक सत्र. हे एकदा नीट पार पडले की दुसऱ्या वर्षी तीन गट करता येतात. पहिल्याच वर्षी दहा कंपन्यांशी करार करणाऱ्या विभागाकडे वर्षअखेरीस अहवालात लिहायला पुष्कळ असते, दाखवायला फारसे नसते.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये वर्ग आणि कारखाना आलटून-पालटून चालवणारा अभ्यासक्रम सुरू केला. कॅनडातले वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मधल्या स्थापनेपासून त्याच वाटेने गेले. बिट्स पिलानीची प्रॅक्टिस स्कूल (विद्यार्थ्यांना कंपनीत कामाला पाठवणारा कार्यक्रम) १९७३ पासून चालू आहे आणि त्याच संस्थेच्या गोव्यातल्या झुआरीनगर कॅम्पसमधले विद्यार्थीही तिच्यातून जातात: दुसऱ्या वर्षानंतर सुमारे दोन महिने, शेवटच्या वर्षी साडेपाच महिने. या तिन्ही संस्थांना एक सोय आहे, त्यांचे वेळापत्रक त्यांच्या हातात आहे. संलग्न महाविद्यालयाला अख्खे सत्र मोकळे सोडायचे तर अभ्यास मंडळापासून वरपर्यंत मंजुरी लागते, आणि त्यात एक-दोन वर्षे सहज जातात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मात्र अभ्यासक्रमात आधीपासून आहे, त्याला गुण आहेत, तासिका आहेत. नवी मंजुरी न घेता उद्योग आत आणायचा असेल तर दार तिथेच आहे.

कंपनी कुठे आणि कोणाकडे शोधायची

गोव्यात अंतरे लहान आहेत, हा मोठा फायदा. वेर्णा, कुंडई, बेतोडा, मडकई, थिवी, कुंकळ्ळी, पिसुर्ले, होंडा या औद्योगिक वसाहतींपैकी एक तरी प्रत्येक महाविद्यालयाच्या तासाभराच्या आत येते. वेर्ण्यात औषधनिर्मिती, विद्युत उपकरणे आणि सॉफ्टवेअर आहे. वास्कोत गोवा शिपयार्ड आहे. उसगावात टायर आणि अन्नप्रक्रिया आहे. पहिल्या वर्षी मात्र मोठ्या नावामागे लागू नये. बहुराष्ट्रीय कंपनीत विद्यार्थ्याला गेटच्या आत नेण्याची परवानगी मुंबई-पुण्याहून किंवा त्याही पलीकडून यावी लागते, आणि संरक्षणाशी संबंधित सार्वजनिक उपक्रमात तर सुरक्षा तपासणीच सत्राचा बराच भाग खाऊन टाकते. पन्नास ते दोनशे माणसांचे युनिट, जिथे मालक किंवा प्लांट मॅनेजर रोज जागेवर असतो, ते सुरुवातीला सर्वांत सोयीचे.

संपर्क मनुष्यबळ विभागातून सुरू केला की गाडी ‘अतिथी व्याख्यान ठेवू या’ इथे थांबते. देखभाल, उत्पादन किंवा गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला भेटा. त्याच्याकडे रोज डोके खाणारे आणि कधीच प्राधान्य न मिळणारे दहा प्रश्न असतात. ओळख नसेल तर गोवा चेंबर ऑफ कॉमर्स, गोवा स्मॉल इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा त्या-त्या वसाहतीची संघटना पहिला फोन लावून देऊ शकते. फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को महाविद्यालयातले फायर आणि वेर्ण्याचे सिबा या उष्मायन केंद्रांतल्या (नवउद्योगांना उभे राहायला मदत करणाऱ्या संस्थांतल्या) नव्या कंपन्याही चालतील, फक्त त्यांच्या बाबतीत कंपनीच सत्रभर टिकेल ना, हे आधी पाहावे. सर्वांत खात्रीचा दुवा म्हणजे तुमचाच माजी विद्यार्थी. पाच-सात वर्षे नोकरी झालेला असावा, म्हणजे त्याला आत थोडा अधिकार असतो आणि महाविद्यालयाच्या परीक्षा कशा चालतात ते अजून आठवत असते.

हॉटेलांचा विचार फार कमी विभाग करतात. ऑक्टोबर ते मार्च त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, पण जून ते सप्टेंबर इंजिनिअरिंग विभागातली माणसे मोकळी असतात आणि चिलर, बॉयलर, लाँड्री, सांडपाणी प्रकल्प ही सगळी यंत्रणा तिथे असते. विषम सत्राची सुरुवात नेमकी त्याच काळात होते.

औषध कंपनी निवडली तर एक मर्यादा आधीच मान्य करावी. उत्पादनाशी संबंधित कोणतीही संगणकप्रणाली प्रमाणित केलेली असते. अमेरिकेला माल जात असेल तर तिच्या नोंदींना २१ सीएफआर भाग ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अमेरिकी नियम) लागू होतो. तिथे एक सेन्सर वाढवायचा तरी बदल-नियंत्रणाची कागदपत्रे, जोखीम-मूल्यांकन आणि फेरप्रमाणन आले. हे सोळा आठवड्यांत होत नाही. वीजवापर, कुलिंग टॉवर, गोदामाबाहेरची वाहतूक अशा उत्पादनाला न शिवणाऱ्या बाजू मागा.

सॉफ्टवेअर कंपन्यांचे वेगळे आहे. ग्राहकाचा कोड विद्यार्थ्याला दाखवायला त्यांचाच करार आड येतो. त्यांच्याकडून अंतर्गत साधने, चाचण्यांचे स्वयंचलन किंवा मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पातले एखादे काम मागावे. मुक्तस्रोत कामात गोपनीयतेचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, आणि विद्यार्थ्याच्या कोडवर अनोळखी माणसे जे शेरे मारतात ते कुठल्याही प्राध्यापकापेक्षा निर्दय असतात. शिकायला उत्तम.

प्रश्न निवडणे

निम्मे प्रकल्प इथेच बुडतात. कंपनी बहुधा दोन टोकांचे प्रश्न देते. एक, ‘एआय वापरून उत्पादन वाढवा’ असला ढग. दुसरे, पुढच्या महिन्यात ग्राहकाला द्यायचे असलेले तातडीचे काम. पहिल्याला शेवट नाही, दुसऱ्यात विद्यार्थी चुकला तर कंपनीचे नुकसान, म्हणून तिसऱ्या आठवड्यात कंपनीचाच अभियंता ते काम हिसकावून घेतो आणि गट रिकामा बसतो.

चांगला प्रश्न ओळखायला चार गोष्टी विचाराव्यात. हे काम झालेच नाही तर कंपनीचे काही अडेल का? उत्तर ‘नाही’ हवे. झाले तर कोणाला रोज उपयोग होईल? एका माणसाचे नाव हवे. आज परिस्थिती किती वाईट आहे याचा आकडा आहे का, किंवा दोन आठवड्यांत काढता येईल का? आणि लागणारी माहिती, नमुने, यंत्र हे सत्राच्या दुसऱ्या आठवड्याअखेर विद्यार्थ्यांच्या हातात पडेल का? चौथ्या प्रश्नाला ‘आयटी विभागाला विचारून सांगतो’ असे उत्तर आले तर तो प्रश्न पुढच्या वर्षासाठी ठेवावा. आयटी विभाग वाईट नसतो, त्याची परवानगी सत्राच्या वेगाने चालत नाही इतकेच.

हे सगळे एका पानावर लिहून त्यावर कंपनीच्या मार्गदर्शकाची आणि प्राध्यापकाची सही घ्यावी. पानावर काय हवे: प्रश्न दोन वाक्यांत, आजची स्थिती आकड्यात, काय दिले म्हणजे काम झाले, काय या प्रकल्पात नाही, कंपनी काय पुरवेल आणि कोणत्या तारखेला, मार्गदर्शकाचे आणि त्याच्या बदली माणसाचे नाव. ‘काय या प्रकल्पात नाही’ ही ओळ सगळे गाळतात. मग दहाव्या आठवड्यात ‘एवढे केलेच आहे तर मोबाइल ॲपही करा’ सुरू होते. बदली माणसाचे नावही तितकेच गरजेचे, कारण सत्राच्या मध्यावर मार्गदर्शकाने नोकरी बदलणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

कागदपत्रे: थोडी, पण नेमकी

दोन थरांत लिहावे. वरचा सामंजस्य करार तीन वर्षांचा, सर्वसाधारण, दोन-तीन पानांचा. त्याखाली प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र परिशिष्ट, म्हणजे वरचे एक पान आणि बौद्धिक संपदेच्या अटी. असे केले की दरवर्षी कायदा विभागाकडे नव्याने जावे लागत नाही.

बौद्धिक संपदेबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो: महाविद्यालयाने सही केली म्हणजे कोड कंपनीचा झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक निर्माता असतो. नोकरीच्या ओघात केलेले काम, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचे ठरते. विद्यार्थी ना कंपनीचा नोकर, ना महाविद्यालयाचा. त्यामुळे हक्क हस्तांतरित करायचे असतील तर प्रत्येक विद्यार्थ्याची लेखी सही लागते. कलम १९ आणखी तपशील मागते: मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांचे धरले जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते, आणि वेगळे नमूद नसेल तर एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते परत जातात. परिशिष्टात या तीन गोष्टी एका परिच्छेदात लिहिल्या की काम झाले.

हस्तांतरापेक्षा बहुतेक वेळा परवाना पुरतो. कंपनीला कायमचा, विनामूल्य, बदल करण्यासह वापरायचा परवाना. कोडची मालकी विद्यार्थ्यांकडे. कंपनीची आकडेवारी आणि नावे कोणालाही दाखवायची नाहीत. छोट्या युनिटला याहून जास्त काही नको असते. विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी उरते. कोडमध्ये कोणत्या मुक्तस्रोत लायब्ररी (तयार कोडचे संच) वापरल्या आणि त्यांचे परवाने कोणते, याची यादी सोबत जोडावी. जीपीएल परवान्याचा भाग आत असेल आणि कंपनी ते उत्पादन पुढे विकणार असेल तर स्रोतसंकेतही (सोर्स कोड) द्यावा लागतो. हे शेवटच्या आठवड्यात कळणे महागात पडते.

पेटंटची शक्यता वाटत असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत प्रकल्प प्रदर्शनात, परिषदेत किंवा यूट्यूबवर जाता कामा नये. आधी जाहीर झालेल्या गोष्टीची नवीनता संपते. निव्वळ संगणकप्रणालीला १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) तसेही आड येते, त्यामुळे संगणकशास्त्राच्या बहुतेक प्रकल्पांत हा विषय लांबवण्यात अर्थ नसतो.

गोपनीयतेच्या कलमात बाह्य परीक्षकाची वाट मोकळी ठेवावी. ‘कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीस दाखवणार नाही’ असे सरसकट लिहिले की तोंडी परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी गप्प बसतो आणि परीक्षक गुण देऊ शकत नाही. प्रबंध किंवा शोधनिबंध कंपनीने तीस दिवसांत पाहून द्यावा, उत्तर आले नाही तर संमती धरावी, असे लिहावे. ग्राहकांची किंवा कामगारांची वैयक्तिक माहिती घ्यायचीच नाही हे उत्तम. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर कंपन्याही ती देताना कचरतात. नावे आणि क्रमांक काढून टाकलेला नमुना पुरतो.

पैशाचे थोडक्यात. कंपनी महाविद्यालयाला सल्लासेवेचे शुल्क देत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. शिक्षणसेवेची सूट तिथे लागत नाही. सीएसआर (कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या) निधीतून प्रयोगशाळा उभी राहू शकते, पण त्या निधीच्या बदल्यात कंपनीचे स्वतःचे काम करून घेता येत नाही. दोन्ही एकाच करारात मिसळू नयेत. आणि कारखान्यात पाय ठेवण्यापूर्वी चौघांचा अपघात विमा हवा. महाविद्यालयाचा सामूहिक विमा बाहेरच्या जागेला लागू आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्यावे.

सोळा आठवडे, चवथीसकट

जुलैत सुरू होणारे सत्र धरले तर प्रश्नाचे पान मे महिन्यात सही होऊन तयार हवे. गोव्यात ऑगस्ट-सप्टेंबरात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते. कॅलेंडरवरची सुट्टी दोन-तीन दिवसांची असली तरी आठवडाभर कारखान्यात अर्धी माणसे गावी असतात. त्या आठवड्यात जागेवरची चाचणी ठेवू नये; दस्तऐवज लिहायला तो वेळ चांगला. सम सत्रात कार्निव्हल आणि शिगम्यापेक्षा मार्चअखेर जास्त त्रास देते, शेवटचे दोन आठवडे कंपनीचा माणूस फोन उचलणार नाही हे धरूनच चालावे.

पहिला आणि दुसरा आठवडा फक्त पाहण्याचा. सुरक्षेचे प्रशिक्षण, सेफ्टी शूज, मग एक पूर्ण पाळी जागेवर. शक्य असेल तर रात्रपाळी, कारण यंत्र दिवसा वेगळे वागते आणि ऑपरेटरही रात्री मोकळेपणाने बोलतो. तिसरा-चौथा आठवडा आधाररेषेचा: आजचा आकडा काढायचा, हातवहीने का होईना. आधाररेषा नसेल तर शेवटी ‘सुधारणा झाली’ हे वाक्य कुणी मानत नाही. पाचव्या आठवड्याअखेर अगदी ओबडधोबड पण चालणारी गोष्ट मार्गदर्शकाच्या टेबलावर हवी. सहा ते दहा बांधणी. अकरा ते तेरा जागेवर चालवणे, आणि हे तीन आठवडे कशासाठीही कापू नयेत. चौदावा दुरुस्त्यांचा, पंधरावा हस्तांतराचा, सोळावा राखीव.

दर आठवड्याची बैठक ठरलेल्या वारी, पंचेचाळीस मिनिटे, आणि तीन आठवड्यांतून एकदा तरी कंपनीत. बैठकीनंतर त्याच दिवशी पाच ओळींचे टिपण गटाने पाठवायचे: काय झाले, काय अडले, कोणाकडून काय हवे. जाण्यायेण्याचा हिशेबही आधी करावा. फर्मागुडीहून वेर्ण्याला जायचे तर मडगावात बस बदलावी लागते आणि अर्धा दिवस जातो. म्हणून वेळापत्रकात प्रकल्पाच्या तासिका आठवडाभर विखरून ठेवण्यापेक्षा एकाच दिवशी दुपारनंतर सलग लावून घ्या. विभागप्रमुखाच्या हातातली ही सर्वांत स्वस्त मदत आहे.

एक नमुना प्रकल्प, सुट्या भागांसकट

कुंडईसारख्या वसाहतीतल्या युनिटमध्ये तीन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत असे धरा. प्रश्न: रात्रपाळीत कोणता कॉम्प्रेसर हवा न देता नुसता फिरतो? भार नसतानाही असा कॉम्प्रेसर पूर्ण क्षमतेच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश वीज खातो. ३७ किलोवॉटचा कॉम्प्रेसर ३० टक्क्यांवर नुसता फिरला तर ११ किलोवॉट, आठ तासांत ८८ युनिट, महिन्याच्या २५ रात्रींना २,२०० युनिट. हा आकडा प्लांट मॅनेजरला लगेच कळतो. संगणक आणि विद्युत अशा दोन शाखांचे विद्यार्थी एकत्र बसवायलाही हा प्रश्न चांगला.

साहित्य: मॉडबस आरटीयू (दोन तारांवरून आकडे पाठवण्याची पद्धत) असलेले तीन-फेज ऊर्जामापक ३, त्यांना जुळणारे करंट ट्रान्सफॉर्मर ९, शक्यतो उघडून बसवता येणारे, ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा नियंत्रक) २, त्यातला एक राखीव, आरएस-४८५ ट्रान्सीव्हर (त्या तारा बोर्डाला जोडणारी चिप), पीळदार, आच्छादित दोन-तारी केबल, १२० ओहमचे रोध (रेझिस्टर) २, ५ व्होल्टचा पुरवठा, धूळ-पाणी आत न घेणारी आयपी६५ पेटी, एसडी कार्ड. सगळे मिळून वीस हजारांच्या आसपास बसते. हा खर्च कंपनीने करावा, कारण वस्तू तिथेच राहणार आहे आणि पैसे घातलेल्या वस्तूकडे कंपनी लक्ष देते.

पॅनेल विद्यार्थ्यांनी उघडायचे नाही. जोडणी कंपनीचा परवानाधारक वीजतंत्री करील. करंट ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू, मुख्य तारेतून प्रवाह चालू असताना, उघडी राहता कामा नये. तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होते. संवादाच्या तारांवरच्या पुढच्या चुका प्राणघातक नाहीत, पण त्या ठरावीक क्रमाने होतात.

तिन्ही मापक कारखान्यातून क्रमांक १ लावूनच येतात. एका तारेवर तिघे एकदम उत्तर देतात आणि वाचन येत नाही. एकेक जोडून १, २, ३ असे क्रमांक द्यावेत, तेव्हाच वेग आणि पॅरिटी तपासावी. ९६०० हा वेग नेहमीचा, पण पॅरिटी उत्पादकागणिक वेगळी. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, म्हणून काहीच येत नसेल तर आधी दोन तारा उलटवून पाहाव्यात. माहितीपत्रकात ४०००१ लिहिलेला रजिस्टर बहुधा प्रत्यक्षात पत्ता ० असतो. व्होल्टेज म्हणून अर्थहीन, अतिसूक्ष्म किंवा अवाढव्य आकडा आला तर ३२ बिटांच्या संख्येचे दोन १६-बिटी भाग उलट क्रमाने वाचले जात आहेत. रोध केबलच्या फक्त दोन टोकांना, मधल्या मापकावर नाही. आच्छादनाला एकाच टोकाला अर्थिंग द्यावे, आणि ही केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या साधनाच्या) पॉवर केबलला चिकटून नेऊ नये. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टवरचा मॅक्स४८५ ट्रान्सीव्हर थेट जोडण्यापेक्षा ३.३ व्होल्टचा मॅक्स३४८५ घ्यावा.

दर दहा सेकंदांनी वाचन घेतले तर एका मापकाच्या दिवसाला ८,६४० नोंदी, तिघांच्या २५,९२०. एका साध्या डेटाबेसला हे काहीच नाही. खरा त्रास वेगळ्याच ठिकाणी येतो. कंपनीचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर असते आणि साधा ईएसपी३२ फक्त २.४ वर चालतो. वीज गेली की घड्याळ शून्यावर जाते, म्हणून बॅटरीवरचे घड्याळ किंवा नेटवर्कवरून वेळ घेण्याची सोय हवी. नेटवर्क गेले तर नोंदी कार्डावर साठवून नंतर पाठवाव्या लागतात, आणि पाठवताना त्या दोनदा जात नाहीत ना हे पाहावे लागते. आणि रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते! तारखेनुसार बेरीज केली की एकच पाळी दोन दिवसांत वाटली जाते आणि अहवाल चुकतो. प्रत्येक नोंदीला पाळीची तारीख वेगळी जोडावी. वर्गात दिलेल्या तयार माहितीसंचात ही अडचण कधीच येत नाही. कारखान्यात प्रकल्प करण्याचे निम्मे कारण हेच.

गोव्याच्या पावसाळ्याचे विसरू नये. पेटीच्या केबल-ग्लँड खालच्या बाजूने, आत सिलिका जेलची पुडी, बोर्डावर संरक्षक लेप. समुद्राजवळच्या जागी साध्या जंपर तारांची टोके काही महिन्यांत हिरवी पडतात. स्क्रूने आवळायचे टर्मिनल वापरा.

गुण कोणी आणि कसे द्यायचे

कंपनीच्या मार्गदर्शकाला ‘शंभरपैकी गुण द्या’ म्हटले की तो चौघांनाही पंचाण्णव देतो. त्याला ती मुले आवडलेली असतात. त्याच्याकडून गुण न मागता पुरावे मागावेत: यंत्रणा सलग किती दिवस चालली, सांगितलेला माणूस ती रोज वापरतो का, सूचना न देता दुसऱ्याला ती सुरू करता आली का. शंभर गुणांची एक चालणारी विभागणी अशी: प्रश्नाची मांडणी आणि आधाररेषा २०, बांधणी ३०, जागेवरची चाचणी २०, हस्तांतर १५, वैयक्तिक तोंडी १५. यातले चाचणी आणि हस्तांतर एवढेच कंपनीच्या पुराव्यावर. विद्यापीठाची विभागणी ठरलेली असेल तर ही अंतर्गत गुणांत बसवावी.

चौघांत दोघेच काम करतात, हे टाळण्याचा पक्का उपाय नाही. गिटमधला (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीतला) इतिहास पाहावा, पण नुसत्या नोंदींची संख्या फसवते. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने लिहिलेला भाग समजावून सांगायला लावले की बरेच काही उघड होते. साप्ताहिक टिपणे, प्रश्नाचे पान, चाचणीचे आकडे ही सगळी फाइल नीट ठेवली तर एनबीएच्या (अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणाऱ्या मंडळाच्या) भेटीच्या वेळी पुरावे गोळा करायची धावपळही वाचते.

प्राध्यापकाच्या कार्यभारात हे दोन-तीन तास मोजले गेले पाहिजेत. नाही मोजले तर पहिल्या वर्षीचा उत्साह दुसऱ्या वर्षी उरत नाही. कंपनीतला अनुभवी माणूस नियमितपणे शिकवायला हवा असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतले ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद पाहावे: किमान पंधरा वर्षांचा अनुभव, पीएचडीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत.

इंटर्नशिप आणि ॲप्रेंटिसशिप एक नव्हेत

इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि श्रेयांक (क्रेडिट) मिळवून देते. तास मोजताना गोंधळ होतो: एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) इंटर्नशिप धोरणात एका श्रेयांकाला ४० ते ४५ तास धरले आहेत, तर राष्ट्रीय श्रेयांक आराखडा वर्षाचे १,२०० तास आणि ४० श्रेयांक म्हणजे ३० तासांचा हिशेब करतो. प्रमाणपत्रावर आठवडे न लिहिता एकूण तास लिहून घ्यावेत, मग कोणताही नियम लावता येतो.

ॲप्रेंटिसशिप हा १९६१ च्या कायद्याखालचा करार आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि वेर्ण्या-कुंडईतल्या अनेक युनिटना ही संख्या भरायचीच असते. पदवीधर आणि पदविकाधारकांचे काम नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना) पोर्टलवरून चालते. गोवा मुंबईच्या पश्चिम विभागीय प्रशिक्षण मंडळाखाली येतो. २०१९ च्या नियमांत पदवीधराला दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरले, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार देते. हा दर बदलत असतो, म्हणून करार करण्यापूर्वी चालू अधिसूचना पाहावी. प्रकल्पातला चांगला विद्यार्थी पदवीनंतर त्याच कंपनीत वर्षभर ॲप्रेंटिस म्हणून घेता येतो, आणि छोट्या युनिटला नोकरभरतीपेक्षा ही पायरी कमी धोक्याची वाटते.

हस्तांतर

पंधराव्या आठवड्यात कंपनीच्या हातात काय पडले पाहिजे? स्रोतसंकेत कंपनीच्या स्वतःच्या खात्यात, विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात नाही. जोडणीची आकृती पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेली. दोन पानी पुस्तिका, मराठीत किंवा ऑपरेटरला वाचता येईल त्या भाषेत: चालू कसे करायचे, लाल दिवा लागला तर काय, कोणता भाग बाजारात कोणत्या नावाने मिळतो. बॅकअप कुठे जातो आणि तो परत कसा भरायचा. हस्तांतराच्या दिवशी देखभाल विभागातल्या माणसाने पुस्तिका हातात घेऊन यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करावी. विद्यार्थी शेजारी उभे राहतील, बोलणार नाहीत.

त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलावेत, विद्यार्थ्यांची खाती बंद करावीत, गेटपास परत द्यावेत. डेटाची जी प्रत महाविद्यालयात राहणार ती परिशिष्टात ठरल्याप्रमाणे नावे काढून ठेवावी, उरलेली पुसून तसे लेखी कळवावे. आणि मार्गदर्शकाकडून, निघण्यापूर्वी, पुढच्या वर्षीच्या प्रश्नाची एक ओळ लिहून घ्यावी. तिचे पान करायला मे महिना आहेच.